उजव्या बाजूला या

अकरा ते दोन
मी गंगापूर रोडवरच्या एका तळघरात
दुसऱ्यांच्या ओठांत राहते.
मराठीसाठी एक दाबा, सांगते ती मी.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, तीही मीच.
कार्टूनमधला तोतरा बेडूक मी,
आणि गेल्या दिवाळीपासून
दक्षिणेतल्या कुठल्याशा मालिकेतली थोरली राणी,
जी दर भागात किमान तीनदा रडते.
रडण्याचे वेगळे पैसे नाहीत.

भद्रकालीत भाजी घेताना
पालकवाली मान वर करते,
ताई, तुम्ही बँकेत असता का?
हो म्हणते. जुडी पिशवीत टाकते.

मग रात्री साडेदहानंतर सगुणा.
तांबट आळीतल्या बाबाजीची लेक,
पेशवाईतली, म्हणजे कादंबरीतली, म्हणजे माझी.
बापाचा हात लुळा पडला
तेव्हा हातोडा तिनं उचलला,
आणि हंड्याच्या पोटात डोकं घालून ठोके देता देता
एकोणिसाव्या वर्षी तिचा डावा कान गेला.
सरकारवाड्यातला एक कारकून, विसाजी,
घंगाळाचं माप द्यायला येतो
आणि माप न सांगताच परत जातो.
असं तीनदा झालंय.
प्रकाशक म्हणतात, चौथ्यांदा नको हो,
वाचकांना आता काहीतरी घडायला हवंय.

मलाही हवंय.
पण दिवसभर राणीचं रडून झालं,
गालात ज्येष्ठमध धरून वही उघडली
की सगुणेचं वाक्य राणीच्या आवाजात येतं,
ओलं, शेवटाला खाली बसणारं.
सगुणा ठोका अर्धा सोडून बघते.
हे मी बोलणार नाही, म्हणते.
खोडते.

परवा मंगळवारी राणीला
राजापुढं गुडघे टेकून म्हणायचं होतं,
क्षमा असावी.
चौथा टेक.
काचेपलीकडं रेकॉर्डिस्ट गांगुर्डे,
शेजारी दिग्दर्शक, मोबाइलवर मिसळ मागवत, तर्री वेगळी.
पडद्यावर तिचे ओठ मिटले, उघडले
आणि माझ्या तोंडून निघालं,
क्षमा नसावी.

अ च्या जागी न.
ओठांना त्याची खबरही नसते.
न तर जीभ म्हणते,
दातांमागं, कुणाला न दिसता.

जुळलं, दिग्दर्शक म्हणाले. पुढचं घ्या.
गांगुर्डेनं हेडफोन एका कानावरून सरकवला,
माझ्याकडं पाहिलं,
आणि काही न बोलता फाइल सेव्ह केली.
भाग शुक्रवारी लागेल.
कुणाचं लक्ष जाईल, न जाईल.
मला मात्र घरी येईपर्यंत घाम फुटत होता,
आणि रिक्षात, एकटीच, हसू.

त्या रात्री कपाटात बसले,
गोधड्यांच्या मधोमध, दार लावून,
जिथं घरच्या घरी साबणाच्या जाहिराती करते.
वही मांडीवर. वाचत लिहायचं, लिहीत वाचायचं.
विसाजी चौथ्यांदा आला.
दिवेलागणीची वेळ,
आळीभर हातोडे एकदम चाललेले.
तो वाकला
आणि तीन फेऱ्यांत जे गिळलं होतं
ते सगळं एका दमात कुजबुजला
तिच्या डाव्या कानात.

मी लिहिणार होते, ती लाजली.
सगुणेनं हातोडा खालीसुद्धा ठेवला नाही.
म्हणाली, कारकून,
तो कान मी तांब्याला दिलाय.
उजव्या बाजूला या.
आणि मोठ्यानं बोला,
आळीलाही ऐकू द्या.

हातोडे एकेक करत थांबले.
विसाजीला वाक्य सापडेना.
मलाही.
बाहेरून नवऱ्यानं दार वाजवलं,
झालं का? उद्या नऊला तुझा बेडूक आहे ना?

हो, म्हटलं, थांब जरा.
एक माणूस बोलायचा राहिलाय.